जाहिरातींचे आकडे शीटमध्ये, तिथून बिगक्वेरीत: कामाच्या नोंदी

७ जुलै २०२५, सोमवार

आमची छोटी एजन्सी आहे, नाशिकला. गिऱ्हाइकं म्हणजे क्लासवाले, एक मसाल्याचा कारखाना, दोन-तीन बिल्डर, एक सराफ आणि एक अमेरिकेत दुकान असलेले. जाहिराती गुगलवर आणि मेटावर (फेसबुक, इन्स्टाग्राम). रोज सकाळी आमच्यातला एक जण एकेका खात्यात शिरतो, सीएसव्ही (आकड्यांची साधी फाइल) उतरवतो, मोठ्या गुगल शीटमध्ये चिकटवतो, पिवट (बेरजांचा तक्ता) ताजं करतो. सकाळचा सगळा वेळ त्यात जातो आणि तो आजारी पडला की आकडेही आजारी.

तयार कनेक्टर, म्हणजे आकडे आपोआप शीटमध्ये आणणारं टूल, विकत घेऊन पाहिला होता. चालत होता, पण खाती वाढली की दर वाढतो. शिवाय त्याच्या शीटमधला आकडा नेमका कुठून आला हे आम्हाला सांगता येईना. गिऱ्हाइकाने विचारल्यावर "टूल तसं दाखवतं" हे उत्तर चालत नाही.

ठरलं ते असं: आधी शीट, मग जमलं तर डेटा वेअरहाउस, म्हणजे गुगलच्या बिगक्वेरीसारखं आकड्यांचं कोठार. नोंदी ठेवतोय, कारण हेच काम करणारे आणखी बरेच जण असणार.

१० जुलै

गुगलच्या बाजूने सुरुवात केली, कारण तिथे सोपी वाट आहे. गुगल ॲड्सच्या आतच स्क्रिप्ट (आपोआप चालणारा छोटा प्रोग्राम) लिहिता येते. मॅनेजर खात्यात लिहिली की खालच्या सगळ्या खात्यांवर फिरते. एपीआयचं (प्रोग्रामने थेट आकडे मागायची वाट) डेव्हलपर टोकन, म्हणजे परवानगीची किल्ली, लागत नाही, सर्व्हर लागत नाही. एक स्क्रिप्ट ३० मिनिटांत आटपली पाहिजे. खाती समांतर चालवायची सोय आहे, एका वेळी ५० पर्यंत. आमची तेवढी नाहीतच.

नेटवर सापडणारे नमुने तारीख बघून घ्या. जुनी ॲडवर्ड्स एपीआय २७ एप्रिल २०२२ ला बंद झाली. तिच्या काळातली क्वेरीची (आकडे मागणाऱ्या प्रश्नाची) भाषा आणि रकान्यांची नावं वेगळी होती. जुना नमुना दुरुस्त करत बसण्यापेक्षा कोरी क्वेरी लिहिणं लवकर होतं.

पहिल्याच रिपोर्टमध्ये क्लासवाल्यांचा एका दिवसाचा खर्च ४३१७५००००० असा आला. बाजूला बसलेला म्हणाला, "एवढ्यात आपण क्लासच विकत घेतला असता." खर्च मायक्रोमध्ये येतो, दहा लाखांनी भागायचं. ४,३१७ रुपये ५० पैसे. भागाकार शीटच्या सूत्रात नको, स्क्रिप्टमध्येच करा. सूत्र कुणीतरी खाली ओढायला विसरतं.

१५ जुलै

स्क्रिप्ट रोज चालतेय, पण जुळणी होत नाही. 'जुळणी' नावाचं एक पान शीटला जोडलंय: आपली बेरीज, खात्याच्या पडद्यावरची बेरीज, फरक. क्लासवाल्यांचा फरक शून्य. बिल्डरचा जवळजवळ निम्मा खर्च गायब.

आधी तारखांवर संशय घेतला, मग बंद पडलेल्या कॅम्पेनवर. बराच वेळ त्यात गेला. खरं कारण निघालं ते हे: आम्ही ॲड ग्रुपच्या (कॅम्पेनच्या आतल्या जाहिरातींच्या गटाच्या) पातळीवर रिपोर्ट काढत होतो आणि बिल्डरचा मोठा पैसा परफॉर्मन्स मॅक्स कॅम्पेनवर जातो. त्या प्रकारात ॲड ग्रुप नसतात, ॲसेट ग्रुप असतात. त्यामुळे ॲड ग्रुपच्या रिपोर्टमध्ये त्या कॅम्पेनची ओळच येत नाही. एरर नाही, इशारा नाही. क्वेरीने मागितलेलं तेवढं दिलं.

आता खर्चाचा आकडा फक्त कॅम्पेनच्या पातळीवरून घेतो. ॲड ग्रुप आणि कीवर्ड वेगळ्या पानांवर, आणि त्या पानांच्या माथ्यावर लाल अक्षरात: 'याची बेरीज करू नये.'

१८ जुलै

मेटा. इथे ॲप्स स्क्रिप्टमधून (शीटला जोडलेली गुगलची स्क्रिप्ट) थेट एपीआयला हाक मारतोय. टोकनचा विचार आधी करा. आपल्या नावाने काढलेलं साधं टोकन तास-दोन तासांत मरतं, लांब मुदतीचं ६० दिवस टिकतं. रोज आपोआप चालणाऱ्या कामाला दोन्ही निरुपयोगी. मेटाच्या बिझनेस मॅनेजरमध्ये सिस्टिम युजर (कुणा माणसाचा नसलेला युजर) तयार करायचा, त्याला खाती जोडायची, जाहिराती नुसत्या वाचण्याची परवानगी द्यायची आणि त्याचं न संपणारं टोकन घ्यायचं. टोकन कोडमध्ये लिहू नका. स्क्रिप्ट प्रॉपर्टीजमध्ये (कोडबाहेरची साठवणीची जागा) ठेवा, कारण शीटची प्रत कुणालाही पाठवली की सोबत कोडही जातो.

पैशाचे हिशेब इथे निराळे. खर्च सरळ रुपयांत येतो, तोही मजकूर म्हणून. आम्ही गुगलचंच दहा लाखांनी भागणारं फंक्शन लावलं, तेव्हा मसालेवाल्यांचा महिन्याचा खर्च एक पैसासुद्धा भरेना. बजेटचा रकाना मात्र पैशात येतो, शंभराने भागावा लागतो. म्हणजे एकाच शीटमध्ये तीन मापं. शेवटी प्रत्येक रकान्याच्या नावातच माप घातलं: 'खर्च_रुपये', 'बजेट_रुपये'. माप नसलेलं नाव आता कुणी वापरत नाही.

दुसरं, काही सांगितलं नाही तर एका वेळी २५ च ओळी येतात आणि उरलेल्यांचा पत्ता उत्तराच्या शेवटी 'पुढचं पान' म्हणून दिलेला असतो. छोटी खाती बरोबर जुळली म्हणून आम्ही निर्धास्त. सराफांच्या खात्यात ॲड सेट (मेटाचे जाहिरातींचे गट) भरपूर, तिथे तुटलं. चाचणी नेहमी सगळ्यात मोठ्या खात्यावर घ्या.

तिसरं, लीड, म्हणजे आलेली चौकशी. कृतींचा रकाना म्हणजे एक यादी असते, आणि त्यात लीड वेगवेगळ्या नावांनी येते: एकूण लीड, मेटाच्या फॉर्मवरची लीड, वेबसाइटच्या पिक्सेलवरची (साइटवर बसवलेल्या मेटाच्या कोडवरची) लीड. एकूणात बाकीच्या दोन्ही असतात. नावात 'लीड' दिसेल ते सगळं जोडलं की बरोबर दुप्पट. क्लासवाल्यांना तो आकडा कळवला असता तर पेढे आले असते. आम्ही फक्त एकूण घेतो आणि बाकीच्या दोन बाजूला ठेवतो.

२३ जुलै

आजचा दिवस शीटच्या हुशारीशी भांडण्यात गेला.

मेटाचा आयडी (ओळख क्रमांक) १८ आकड्यांपर्यंत जातो. शीट त्याला संख्या समजते, आणि संख्येचे १५ च आकडे नीट राहतात. पुढचे शून्य होतात. १२०२१०४५६७८९०१२३४५ आत गेला, १२०२१०४५६७८९०१२००० बाहेर आला. शेजारशेजारच्या दोन ॲड सेटचे आयडी शेवटच्या तीन आकड्यांतच वेगळे होते. ते एकच झाले, आणि व्हीलुकअपने (आयडीवरून नाव शोधणारं सूत्र) दोघांना एकाच गावाचं नाव दिलं. सिन्नरचा खर्च निफाडच्या नावावर.

नंतर रकाना 'साधा मजकूर' केला तर गेलेले आकडे परत येत नाहीत. आधी रकान्याचं स्वरूप मजकूर करायचं, मग मूल्यं लिहायची. स्क्रिप्टमध्येही आयडी कुठेच संख्येत बदलू द्यायचा नाही, १६ आकड्यांच्या पुढे जावास्क्रिप्टचाही भरवसा नाही.

त्याच दुपारी क्लासवाल्यांचा एक ॲड सेट सापडेना. नाव होतं '५-८', म्हणजे पाचवी ते आठवी. शीटने त्याची ५ ऑगस्ट तारीख केली होती. एका जुन्या शीटची लोकेल (देशाची सेटिंग) अमेरिकेची राहिली होती, तिथे तोच ॲड सेट ८ मे झाला होता. 'साधा मजकूर' हा नियम आता नावांनाही लावला. क्लासवाल्यांच्या नव्या ॲड सेटची नावं 'इयत्ता ५ ते ८' अशी ठेवायला सांगितली आहेत, ऐकतील तेव्हा खरं.

आणि मराठी नावं. 'श्रावण ऑफर' असं कॅम्पेन सीएसव्हीतून एक्सेलमध्ये उघडलं की नावाच्या जागी चित्रविचित्र चिन्हं. फाइल यूटीएफ-८ (अक्षरं साठवायची पद्धत) आहे, एक्सेलला ते कळत नाही. फाइलच्या सुरुवातीला बीओएम (ती पद्धत ओळखवणारी खूण) घातला की उघडते. गिऱ्हाइकाला सीएसव्ही पाठवायची असेल तर हे कराच, नाहीतर तो फोन करून विचारतो की हॅक झालं का.

३० जुलै

ॲप्स स्क्रिप्ट एका खेपेला ६ मिनिटांवर चालत नाही. मेटाची सगळी खाती एका दमात होत नाहीत. मध्येच तुटलं की अर्धी खाती ताजी, अर्धी शिळी, आणि शीटकडे बघून काहीच कळत नाही. आता एक खातं झालं की त्याची नोंद प्रॉपर्टीजमध्ये होते, पाचव्या मिनिटाला स्क्रिप्ट आपणहून थांबते आणि पुढच्या ट्रिगरला (ठरल्या वेळी स्क्रिप्ट सुरू करणारी सोय) तिथून पुढे सुरू होते. दोन खेपा एकमेकींवर येऊ नयेत म्हणून लॉक.

शीट मात्र रडायला लागलीये. एका स्प्रेडशीटमध्ये १ कोटी सेल मावतात, आम्ही त्याच्या जवळपासही नाही. पण सूत्रं, पिवट आणि वर रंग भरायचे नियम म्हटल्यावर उघडायलाच चहा होतो. फोनवर तर उघडतच नाही, आणि बिल्डर सगळं फोनवरच बघतात. कच्चा माल शीटमधून काढायचा असं ठरलं.

५ ऑगस्ट

बिगक्वेरी. महिन्याला १० जीबी साठवण आणि १ टीबी क्वेरी फुकट. आमचा सगळा इतिहास त्याच्या कोपऱ्यात बसतो. गुगल ॲड्ससाठी बिगक्वेरीची स्वतःची डेटा ट्रान्सफर सेवा आहे. तीही लावून पाहिली. काम चोख, पण टेबलांचा ढीग लागतो, आणि आम्हाला चार रकाने हवे होते. फक्त गुगलवरच जाहिराती करत असाल तर तीच घ्या, हे सगळं वाचत बसू नका.

डेटासेट (टेबलांचा गठ्ठा) करताना जागा निवडायला लावतात. गडबडीत एक डेटासेट अमेरिकेत गेला, दुसरा मुंबईत. दोन वेगळ्या जागांची टेबलं एका क्वेरीत जोडता आली नाहीत आणि जागा नंतर बदलता येत नाही. अमेरिकेतला पुसून पुन्हा केला. मुंबईचं नाव तिथे 'एशिया-साउथ१' असं आहे.

पैसे भरायचं कार्ड न जोडता सँडबॉक्समध्ये (बिगक्वेरीचा फुकट, मर्यादित प्रकार) सुरू केलं होतं. जानेवारीपासूनचा जुना डेटा भरला. जॉब यशस्वी, हिरवी खूण, ओळी शून्य. पुन्हा भरला, पुन्हा शून्य. सँडबॉक्समध्ये सगळ्याला ६० दिवसांची मुदत असते. टेबल तारखेवार पार्टिशन केलेलं (तुकड्यांत विभागलेलं) असेल तर मुदत भरल्याच्या दिवसापासून नाही, पार्टिशनच्या तारखेपासून मोजतात. जानेवारीचं पार्टिशन जन्माला येतानाच मुदतबाह्य. कार्ड जोडल्यावरही जुन्या डेटासेटवरची मुदत तशीच राहते, ती हाताने काढावी लागते. ती काढल्यावर ओळी टिकल्या.

८ ऑगस्ट

एकच दिवस दोनदा आला तर दुप्पट खर्च दिसतो, म्हणून सुरुवातीला असं केलं होतं: त्या दिवसाचं पार्टिशन पूर्ण पुसायचं आणि नव्याने लिहायचं. वाचायला छान. पण खाती एकामागून एक येतात. दुसऱ्या खात्याने पहिल्याच्या ओळी पुसल्या, तिसऱ्याने दुसऱ्याच्या. सकाळी टेबलात प्रत्येक दिवशी एकटे सराफ, कारण यादीत ते शेवटी.

आता सगळं आधी एका कच्च्या टेबलात उतरतं आणि तिथून मुख्य टेबलात मर्ज होतं. ओळख पटवायला चार गोष्टी: प्लॅटफॉर्म, खातं, कॅम्पेन आयडी, तारीख. जुळली तर बदल, नाही तर नवी ओळ. मर्ज सँडबॉक्समध्ये चालत नाही, कार्ड जोडायला हेही एक कारण झालं. आणि लोड जॉब (डेटा भरायचं काम) पाठवला म्हणजे तो झाला असं नाही. उत्तर लगेच येतं, काम मागे चालू असतं. स्थिती 'पूर्ण' होईपर्यंत विचारत राहा आणि त्यातली एरर वाचा.

१२ ऑगस्ट

पहाटे ४ ला क्वेरी 'काल'चे आकडे काढते आणि रोज परवाचे मिळतात. बिगक्वेरीची आजची तारीख यूटीसीची (जागतिक प्रमाणवेळेची) असते. आपल्याकडे पहाटेचे ४ म्हणजे तिकडे आदल्या रात्रीचे साडेदहा. तारखेच्या फंक्शनला 'आशिया/कोलकाता' सांगितलं, प्रश्न मिटला.

अमेरिकेतल्या गिऱ्हाइकाचा मात्र मिटला नाही. त्यांचं खातं लॉस एंजलिसच्या वेळेवर आहे. आपल्या पहाटे ४ ला त्यांचा आदला दिवस अजून दुपारी साडेतीनवर असतो. त्या खात्याची खेप आता आपल्या दुपारी १ नंतर. त्यांचा खर्च डॉलरमध्ये असतो हेही तेव्हाच ध्यानात आलं. तोवर एकूण बेरजेत डॉलर आणि रुपये खुशाल एकत्र नांदत होते. चलनाचा रकाना जोडला, आणि चलन वेगळं असेल तर एकूण बेरीज दाखवायचीच नाही.

२० ऑगस्ट

या नोंदीसाठीच बाकीच्या लिहिल्या म्हणा.

अकाउंट्सच्या ताई गुगलच्या पडद्यावरून जुलैचा रिपोर्ट दोनदा छापून घेऊन आल्या. एक १ ऑगस्टचा, एक आजचा. क्लासवाल्यांच्या गुगलच्या चौकशा दोन्हीत वेगळ्या, आजच्या जास्त. "तुमचा जुलै अजून बंदच झाला नाही का?" म्हणाल्या.

नाही झाला. गुगल ॲड्समध्ये कन्व्हर्जन (इथे चौकशी) त्या क्लिकच्या तारखेला धरलं जातं. पालकाने २५ जुलैला क्लिक केलं आणि १० ऑगस्टला फॉर्म भरला, तर चौकशी २५ जुलैच्या खात्यात जमा होते. ही मुदत सहसा ३० दिवसांची, सेटिंगमध्ये ९० पर्यंत नेता येते. मेटातही गेलेल्या दिवसांचे आकडे नंतर हलतात. तिथे साधारणपणे क्लिकनंतरचे ७ दिवस आणि नुसतं पाहिल्यानंतरचा १ दिवस धरतात. आम्ही रोज फक्त 'काल' आणत होतो. म्हणजे प्रत्येक दिवसाचा सर्वात कच्चा आकडा आणून तोच कायमचा जपत होतो. १ ऑगस्टच्या छापील रिपोर्टात जुलैचे शेवटचे दिवस नेहमीच उपाशी दिसणार, आणि त्यावरून कुणीतरी म्हणणार की महिनाअखेरीस जाहिरात पडली. आम्ही स्वतः जूनअखेरीबद्दल तसं म्हटलं होतं आणि क्लासवाल्यांचं बजेट कमी केलं होतं.

बदल केला तो असा. रोज मागचे ३० दिवस पुन्हा आणायचे. आमच्या कुठल्याच खात्याची मुदत त्याहून लांब नाही, ते तपासून घेतलं. मर्ज असल्यामुळे दुप्पट होत नाही. प्रत्येक ओळीला 'आणल्याची वेळ'. शिवाय दर महिन्याच्या १ तारखेला आणि पुढे ३५ दिवसांनी त्या महिन्याची गोठवलेली प्रत वेगळ्या टेबलात. गिऱ्हाइकाच्या रिपोर्टवर आता 'कच्चा' किंवा 'पक्का' असा शिक्का येतो. ताईंना शिक्का आवडला.

गुगलकडे कन्व्हर्जनच्या तारखेप्रमाणे मोजणारा वेगळा रकानाही आहे. तो सेल्सवाल्यांसाठी घेतलाय, कारण त्यांचं रजिस्टर फोन आलेल्या दिवसाचं असतं. दोन रकाने दोन प्रश्नांना उत्तरं देतात. एकमेकांशी जुळवत बसू नका, जुळणार नाहीत. अपूर्णांकांनाही घाबरू नका. एकाच चौकशीचं श्रेय दोन-तीन क्लिकांत वाटलं की ०.३३ असे आकडे येतात. आम्ही रकाना पूर्णांक ठेवला होता, त्यामुळे तिसऱ्या हिश्श्याच्या चौकशा गुपचूप शून्य होत होत्या.

१ सप्टेंबर

गणपतीत आकडे बंद होते आणि कुणाला कळलं नाही.

ट्रिगर ज्याने लावला त्याच्या खात्याखाली चालतो. ज्या पोराने लावले होते त्याने नोकरी सोडली, रीतसर त्याचं ऑफिसचं खातं बंद केलं, आणि त्याच्यासोबत ट्रिगरही गेले. त्याआधी काही बिघडलं असेल तर त्याच्या सूचनाही त्याच्याच इनबॉक्समध्ये गेल्या असणार. मेटाचं टोकन सिस्टिम युजरचं असल्यामुळे शाबूत, पण हाक मारणारंच कुणी नाही.

सगळं एका सामाईक ऑफिस खात्याकडे घेतलं. शीटच्या पहिल्या सेलमध्ये आता प्रत्येक खात्याची शेवटची आलेली तारीख असते, कालच्या मागे गेली की सेल लाल. ही तपासणी आणणाऱ्या स्क्रिप्टमध्ये ठेवलेली नाही, वेगळ्या ठिकाणी आहे. जी चाललीच नाही ती स्क्रिप्ट 'मी चालले नाही' असं कळवणार कशी? मागच्या ३० दिवसांची खेप असल्यामुळे बुडालेले दिवस मात्र आपोआप भरून निघाले.

९ सप्टेंबर

खर्चाचा हिशेब. बिगक्वेरीचं बिल अजून शून्य. स्क्रिप्ट फुकट. खरा खर्च पगाराचा, आणि तो कनेक्टरच्या काही महिन्यांच्या भाड्याएवढा तरी झालाच. खाती दोन-चारच असतील तर कनेक्टर स्वस्त पडेल, हे प्रामाणिकपणे सांगतो.

ताईंची शेवटची हरकत: आमचा खर्च १,००,००० आणि बिल १,१८,०००. प्लॅटफॉर्मच्या खर्चात १८ टक्के जीएसटी नसतो. ताईंच्या पानावर तो वेगळ्या रकान्यात जोडला. मुख्य टेबलात घातला नाही, नाहीतर दर चौकशीचा भाव पडद्याशी जुळणार नाही.

राहिलेलं काम रीचचं, म्हणजे जाहिरात किती वेगवेगळ्या माणसांनी पाहिली त्याचं. सराफांना महिन्याची रीच हवी आहे आणि आमच्या टेबलात रोजची आहे. रोजची बेरीज केली तर तोच माणूस पुन्हा पुन्हा मोजला जातो. महिन्याची रीच मेटाकडून महिन्याचीच म्हणून वेगळी मागवावी लागते, टेबलही वेगळं. उद्या ते करतो. तोवर डॅशबोर्डवरून रीचचा रकाना काढून टाकलाय.